दोन करकोचे आणि एक रेन्स

आजोबांचं नाव नातवंडाला मिळणं ही मानवी संस्कृतीच्या सातत्याची खूण आहे. राजांपासून सुतारांपर्यंत सर्वांनी ती जपली, आणि ज्यांनी जपली नाही ते इतिहासातून कधी गळाले हे कुणाला कळलंही नाही, असं माझं अभ्यासपूर्ण मत आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे माझी मतं सहसा अभ्यासपूर्णच असतात. नाताळच्या जेवणात मी हे मत पुरेशा गांभीर्यानं मांडलं. माझं बोलणं संपलं तेव्हा माझ्या मुलानं, वाउटरनं, मटाराचं भांडं पुढे सरकवायला सांगितलं.

"बाबा," मटार वाढून घेत तो म्हणाला, "एकदाच सांगतो. बाळाच्या नावाबद्दल अक्षर बोलायचं नाही. मुलगा की मुलगी तेही विचारायचं नाही. आम्हाला ते निळं-गुलाबी प्रकरण नकोय. जो बोलेल त्याला बाळ सगळ्यात शेवटी बघायला मिळेल."

"शेवटी म्हणजे?"

"म्हणजे बाळ चालत येऊन दार उघडेल तेव्हा."

समोर आमच्या विहीणबाई बसल्या होत्या. आमच्या सुनेची, लीसेलची, आई. त्यांना सगळे एमी म्हणतात, पण कागदोपत्री त्या एमेरेन्शिया आहेत. ब्राबांटच्या कॅथलिक घराण्यात पहिल्या नातवंडावर आईच्या आईचा कसा हक्क असतो, हे सांगायला त्यांनी नुकतंच तोंड उघडलं होतं.

"आई, हे तुलाही लागू आहे," लीसेल म्हणाली.

विहीणबाईंनी उघडलेल्या तोंडात बटाटा घातला. अशा रीतीनं आम्ही दोघांनी वचन दिलं.

मार्चमध्ये एका बुधवारी सकाळी वाउटरचा निरोप फोनवर आला. "रेन्सचं आगमन झालं. वजन साडेतीन किलो. बाळ-बाळंतीण खुशाल. तुमची भेटीची वेळ शनिवारी अकरा."

मी तो निरोप उभं राहून पुन्हा वाचला. माझं नाव लॉरेन्स. लॉरेन्समधला 'लॉ' काढला की काय उरतं हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरानं बापाकडे मटार मागितले होते, पण मनात बापच होता!

"हेनी," मी बायकोला हाक मारली, "माझं नाव ठेवलंय."

हेनीनं निरोप वाचला आणि चष्मा काढला. "एमेरेन्शियातूनही रेन्सच निघतं, लॉरेन्स."

"कसं?"

"मधूनच. आणि हे नाव मुलालाही चालतं आणि मुलीलाही. माझ्यासारखंच."

हे तिनं अनुभवातून सांगितलं. हेनी हे नावही दोन्हीकडचं. आमची बँक गेली तीस वर्षं तिला 'श्रीयुत हेनी' असं संबोधून पत्र पाठवते, आणि एकदा तर तिला प्रोस्टेटच्या तपासणीचं आग्रहाचं निमंत्रण आलं होतं. आमच्या देशात लोकांना नावं कापून वापरायची खोड आहे. बारशाला लांबलचक लॅटिन नाव ठेवायचं आणि मग घरी आणून पुढून-मागून छाटायचं. छाटून उरलेला तुकडा पुरुषाचा की बाईचा हे मग त्या तुकड्यालाही सांगता येत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दक्षिणेकडच्या ब्रेडा गावाहून विहीणबाई.

"अभिनंदन हो, लॉरेन्स!" त्यांच्या आवाजात गुळाची ढेप विरघळत होती. "मी तर रडलेच. लीसेल तशी भोळी दिसते, पण आईला विसरली नाही."

"तुमचंही अभिनंदन," मी म्हणालो. "वाउटरही वडिलांना विसरला नाही."

मग त्या म्हणाल्या, "बरं, मग शनिवारी भेटूच," आणि फोन ठेवला. गुळाची ढेप पुन्हा घट्ट झाली होती.

आता प्रश्न सोपा होता. मुलगा असेल तर लॉरेन्स, मुलगी असेल तर एमेरेन्शिया. एक प्रश्न विचारला की निकाल. पण तोच प्रश्न विचारायचा नाही असं ठरलेलं! आणि विचारला तर शनिवार गेला. शनिवार मला काहीही करून हवा होता. त्या साडेतीन किलोंना हातात घ्यायचं आणि बघायचं, माझं कपाळ आलंय का.

त्यातच शाळेत वाटायची कुरकुरीत टोस्टं. बाळ झालं की टोस्टावर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या साखरी गोळ्या पसरायच्या, हे आमच्याकडे टळत नाही. आजोबांनाही टळत नाही. मुलगा असला तर निळ्या गोळ्या, मुलगी असली तर गुलाबी. दुकानात मी त्या फळीसमोर इतका वेळ उभा राहिलो की विक्रेतीनं मला खुर्ची हवी का विचारलं. शेवटी अभ्यासपूर्ण मत कामी आलं आणि मी निळ्या घेतल्या.

"वा, नातू!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"रेन्स," मी म्हणालो.

"हो, पण नातूच ना?"

"रेन्स," मी अधिक ठामपणे म्हणालो, आणि ताट पुढे नेलं. दिवसभर माझ्या पाठीमागे लोक टोस्ट कुरकुरवत कुजबुजत होते.

घरी येऊन मी निश्चय केला. बोलायचं नाही असं ठरलंय, करायचं नाही असं नाही. मी एक करकोचा करणार होतो. बाळ करकोचा आणून देतो अशी आमच्याकडची समजूत, म्हणून बाळ झालेल्या घरासमोर चोचीत गाठोडं धरलेला लाकडी करकोचा उभा करतात, तसला. पण भाड्याचा नव्हे, आजोबांच्या हातचा. त्याच्या पायाशी एक पाटी, पाटीवर नाव आणि खाली नावाचा अर्थ. लॉरेन्स म्हणजे विजयाच्या पानांचा मुकुट घातलेला. बास. भांडण नाही, तंटा नाही, निव्वळ माहिती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मला तास नव्हते. मी सकाळीच गराजसमोर प्लायवूड आडवं टाकलं. आमच्या गल्लीत कुणी घराबाहेर करवत काढली की ते सर्वांना दिलेलं आमंत्रण समजतात.

पहिला आला शेजारचा सीब्रेन. हा मूळचा उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला. जगात जे काही चांगलं आहे ते फ्रीसलंडमधून आलं आणि बाकीचं हॉलंडमध्ये तयार झालं, अशी त्याची श्रद्धा आहे.

"एका पायावर उभा करतोयस?" त्यानं विचारलं.

"करकोचे एका पायावरच उभे राहतात."

"झोपताना. हा कामावर आहे." सीब्रेननं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि दुसरा पाय काढला. मग तो कापलाही. कापल्यावर कळलं, तो पहिल्यापेक्षा वीतभर आखूड होता.

"मग पहिला कमी कर," सीब्रेन म्हणाला. मी पहिला कमी केला. आता तो आखूड झाला. हे काही वेळ चाललं. अखेर करकोचा बदकाच्या उंचीवर आला तेव्हा मी करवत काढून घेतली आणि त्याचे पाय नव्यानं लांब पट्ट्यांचे केले.

तोवर सीब्रेननं पाटी वाचली होती. "विजयाच्या पानांचा मुकुट? छे छे. रेन्स हे शुद्ध फ्रीसियन नाव. माझ्या आजोळी चार रेन्स होते. जुन्या भाषेत 'रागिन' म्हणजे सल्ला. त्यातून आलंय."

"म्हणजे माझ्या नातवंडाचं नाव सल्ला?"

"सुज्ञ सल्ला."

"न मागता दिलेला?"

"ते नावात नाही," सीब्रेन शांतपणे म्हणाला. माणूस कधीच चिडत नाही, हा त्याचा सगळ्यात चीड आणणारा गुण.

आमच्या आवाजानं समोरच्या टोसकाकू आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात कॉफीचा कप, कॉफी त्यांच्याच घरची. दुसऱ्याच्या दारात उभं राहून स्वतःची कॉफी पिणं हे त्यांच्या मते सभ्यतेचं लक्षण आहे.

"रेन्स झाली?" काकूंनी विचारलं. "गोड नाव. माझी मावशी रेन्स. नन होती. खरं नाव एमेरेन्शिया, म्हणजे जिनं आपल्या गुणांनी मान मिळवला ती. मावशीनं मिळवला हो. फार मारायची, पण मिळवला."

"काकू, मुलगी झाली असं मी म्हटलेलं नाही."

"मग मुलगा झाला?"

"तसंही म्हटलेलं नाही."

काकूंनी सीब्रेनकडे पाहिलं. सीब्रेननं डोळ्यांनी 'तसंच आहे ते' असं सांगितलं. काकू माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "लॉरेन्स, आजकाल असतं. मनाला लावून घेऊ नकोस."

सीब्रेननं एव्हाना फोनवर नाव शोधलं होतं. "हे बघ. रेन्स. अर्थ अनिश्चित. व्यक्ती प्रेमळ आणि हट्टी. शुभ रंग हिरवा."

मी रागानं ब्रश उचलला आणि मूळ अर्थ आणखी ठळक केला.

दुपारी करकोचा वाळला, पण गाडीत मावेना. शेपूट आत जाई तेव्हा चोच बाहेर येई. हेनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "लॉरेन्स, मी लीसेलला फोन करून विचारू का सरळ? एका मिनिटाचं काम आहे."

"आपण शब्द दिलाय."

"मग शनिवारपर्यंत थांब की."

मी जाऊन सीब्रेनची माल वाहायची तीनचाकी सायकल मागितली. करकोचा तिच्यावर आडवा बांधला. आमच्या डेव्हेंटरमध्ये त्या दिवशी नदीकडून असा वारा होता की करकोच्याला प्रथमच आपण पक्षी असल्याची जाणीव झाली. सायकलच्या वाटेवर त्याची चोच डावीकडे हातभर बाहेर आणि पाय उजवीकडे. समोरून येणारे सायकलस्वार गवतात उतरत होते. एक बाई ओरडली, "अहो आजोबा, जरा घडी करा त्याची!" आजोबा! माझं नातवंड दीड दिवसाचं होतं आणि ही बातमी अनोळखी बाईपर्यंत पोहोचली होती.

वाउटर आणि लीसेल तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली सोसायटीचा एक सामायिक फुलांचा वाफा आहे. मी घामाघूम होऊन पोहोचलो, करकोचा खांद्यावर घेतला, वाफ्याकडे वळलो आणि थांबलो.

वाफ्यात एक करकोचा आधीच उभा होता. माझ्यापेक्षा उंच, गुळगुळीत, दुकानातला. चोचीत गुलाबी गाठोडं. आणि त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसून, हातमोजे घालून, आमच्या विहीणबाई पाटी रोवत होत्या. पाटीवर लिहिलं होतं, 'रेन्स : गुणांनी मान मिळवणारी'.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ब्रेडाहून आलात?" मी विचारलं.

"आगगाडीनं. हा वेगळा पोचवला दुकानवाल्यानं."

"वर जाऊन आलात?"

"नाही हो! माझी वेळ शनिवारची." त्यांना माझा प्रश्न असभ्य वाटला असावा. "तुम्ही?"

"माझीही शनिवारचीच."

परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. अर्धा देश ओलांडून आलेली आजी, गल्लोगल्ली शिव्या खात आलेला आजोबा, दोघांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर पहिलं नातवंड, आणि घंटा दाबायचा विचार एकाच्याही मनात नाही. पण गुरुवारी कसं जाणार? वेळ घेतलेली नव्हती.

"गुलाबी गाठोडं," मी म्हणालो. "म्हणजे तुम्हाला कळलंय तर."

"काही नाही कळलं. तुमचं निळं आहे. तुम्हाला कळलंय?"

"मी इतिहासावरून अनुमान काढलं."

"मी माझ्या मुलीवरून काढलं!" विहीणबाई उठल्या. गुडघ्यांना चिखल, हातात कुदळी. "नऊ महिने तिनं वाढवलं. तुमच्या मुलानं काय केलं, मटार खाल्ले! आणि नाव तुमचं ठेवणार?"

"विहीणबाई, आवाज."

"आवाज तुमचाच आहे!"

तो माझाच होता. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि वाउटरचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांद्यावर ओलसर फडकं. बापासारखा दिसत होता. मला एकदम भरून आलं.

"बाबा, तिथं काय चाललंय?"

"करकोचा आणलाय."

"दोन दिसतायत. आणि नावाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी एक अक्षर बोललो नाही," मी म्हणालो. "लिहिलंय."

आतून लीसेलचा थकलेला आवाज आला. "वाउटर, त्यांना सांग, आणखी एक शब्द आणि शनिवार रद्द. दोघांचाही."

खिडकी बंद झाली. त्या काचेपलीकडे कुठेतरी एक बारीक रडणं ऐकू आलं. आम्ही दोघंही माना वर करून ऐकत राहिलो. विहीणबाईंच्या हातातली कुदळी खाली आली. "भूक लागलीय," त्या पुटपुटल्या. "लीसेल अशीच रडायची." मी वाउटर कसा रडायचा ते सांगणार होतो, पण मला आठवेना.

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष आले. उंच, पातळ, कोटाच्या खिशात नियमावली. असा माणूस प्रत्येक सोसायटीला मिळतो. तो निवडला जात नाही, उगवतो.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"करकोचे," आम्ही एकदम म्हणालो.

"सामायिक वाफ्यात शोभेच्या वस्तूंना डिसेंबरात परवानगी आहे. हा मार्च आहे."

"बाळ मार्चमध्ये झालंय हो," विहीणबाई म्हणाल्या.

"रहिवाशांच्या सभेत ठराव मांडता येईल. पुढची सभा जूनमध्ये आहे." त्यांनी दोन्ही पाट्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. "बाळं दोन आहेत?"

"एक."

"मग अर्थ दोन का?"

दोन दिवसांत कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. आम्हाला उत्तर देता येईना, कारण उत्तर द्यायचं तर नावाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि खिडकीचा पडदा किंचित हललेला मला दिसला होता. मी विहीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग आम्ही मुकाट्यानं दोन्ही करकोचे उपटले.

"माझ्या बहिणीच्या कुत्र्याचं नाव रेन्स आहे," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "चांगला कुत्रा आहे."

दोन्ही करकोचे तीनचाकीवर बांधून आम्ही निघालो. मी पायडल मारत होतो, विहीणबाई मागून दोन्ही चोची धरून चालत होत्या. आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा टोसकाकू दारातच होत्या. त्यांनी एक निळं गाठोडं पाहिलं, एक गुलाबी पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. "जुळी! मग लपवत कशाला होतास रे?"

रात्रीच्या जेवणाला हेनीनं विहीणबाईंना ठेवून घेतलं आणि लीसेलला फोन करून सगळं निस्तरलं. शिक्षा एवढीच झाली, की शनिवारी दोन्ही घरांना मिळून एकच वेळ, तीही अर्धी.

शनिवारी आम्ही तिघं अकराच्या ठोक्याला दारात उभे होतो. बाळंतिणीची व्यवस्था बघायला येणाऱ्या नर्सबाईंनी आम्हाला हात धुवायला लावले, नखं तपासली, गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसवलं. टोस्टं आली. त्यांवर निळ्या आणि गुलाबी गोळ्या एकत्र कालवलेल्या. मी एक शब्द न बोलता खाल्लं. विहीणबाईंनीही.

मग बाळ आलं. पिवळ्या कपड्यात गुंडाळलेलं, डोळे घट्ट मिटलेले, कुणावर तरी प्रचंड नाराज असल्यासारखं. ते आधी विहीणबाईंच्या मांडीवर गेलं. त्यांनी त्याचा अंगठा आपल्या बोटांत धरला आणि त्या तो सोडेचनात. मग ते माझ्याकडे आलं. साडेतीन किलो हे फार मोठं वजन आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी कपाळ बघायचं विसरलो. रेन्सनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

मुलगा की मुलगी ते आता मला माहीत आहे. त्याचा या हकिगतीशी काही संबंध नाही.

"छान नाव आहे हो," नर्सबाई रिकामी ताटं उचलत म्हणाल्या. त्यांनी कुणाला वचन दिलेलं नव्हतं. "कुणावरून ठेवलंत?"

विहीणबाई ताठ झाल्या. मीही बाळासकट ताठ झालो. आता निकाल लागणार होता, आणि विचारल्याचा ठपका आमच्यापैकी कुणावर येणार नव्हता. वाउटरनं लीसेलकडे पाहिलं. दोघंही हसले, एकमेकांनाच कळेल असं.

"आम्हाला इथं गाडी ठेवायचा परवाना मिळत नव्हता," वाउटर म्हणाला. "सव्वा वर्ष प्रतीक्षायादीत होतो. रोज रात्री गाडी नदीपलीकडे ठेवून पुलावरून चालत यायचो. लीसेलचे दिवस भरत आले तरी तेच."

"आणि मग एक दिवस ई-मेल आला," लीसेल म्हणाली. "परवाना मंजूर. खाली आमच्यासाठी दोन ओळी वेगळ्या लिहिलेल्या. तुमची अडचण वाचली, फाईल वर घेतलीय, बाळाला शुभेच्छा. खाली सही, रेन्स, पार्किंग विभाग. मी रडले हो."

मग विहीणबाई, सगळी वचनं विसरून, म्हणाल्या, "म्हणजे ती बाई की तो माणूस?"

"माहीत नाही," वाउटर म्हणाला. "सगळं ई-मेलवरच झालं."